घोंगडीखालचा सौदा

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही. आई गेली, तिच्यापाशीही नाही. देवापुढे बसलो की वाटायचं, याला ठाऊक आहेच, परत काय सांगायचं? अशी पळवाट मी देवाच्या बाबतीतसुद्धा काढली. आज तुमच्यापुढे बसलोय तर बोलतो. मध्येच थांबलो तर थांबू द्या. निपाणीच्या तंबाखूबाजारात माझं उभं आयुष्य दलालीत गेलं, बोलघेवडा म्हणून माझं नाव आहे, भिजका माल मी कोरडा म्हणून खपवलाय—पण ही एक गोष्ट आली की जीभ टाळ्याला चिकटते.

आमच्या गावात—तवंदीचा घाट उतरून निपाणीकडे यायला लागलं की ओढ्यापलीकडे दिसतं ते—कुणाला विचारा, तो सांगेल की माझा थोरला भाऊ, अण्णा, बेळगावच्या डॉक्टरच्या औषधानं गेला. आणि त्याला तिथे नेलं आमच्या आक्कानं. पारावरची पोरंसुद्धा हे सांगतात, ज्यांनी अण्णाला पाहिलेलं नाही ती. दारुड्या नवऱ्याला बायको चिडून म्हणते, ‘बेळगावला धाडू काय?’—म्हणजे मारू काय. ही म्हण आमच्याच घरातून गावात गेली.

ती खोटी आहे. आणि ती खोटी आहे हे ठाऊक असलेला माणूस जगात एकच आहे.

आधी अण्णाचं सांगतो. नाही तर तुम्हाला वाटेल, अफू खाणारा एक माणूस, गेला तर गेला.

तंबाखू कापून रानात पसरली की ती उन्हानं वाळते, आणि पहाटेच्या दवानं मऊ पडते. त्या मऊपणातच पान गोळा करायचं. थोडं लवकर केलं तर पान कुजतं, थोडा उशीर झाला तर हातात चुरा येतो. अण्णा पानावर नुसता तळवा ठेवायचा आणि म्हणायचा, ‘हं, आता.’ त्याच्या ‘आता’साठी शेजारची रानं थांबलेली असायची. मला त्यानंच वाढवलं. वडील मी लहान असताना गेले, तेव्हापासून अण्णा म्हणजेच वडील. मला शाळेत घातलं त्यानं, निपाणीच्या अडतीवर चिकटवलं त्यानं, माझं लग्न त्यानं केलं.

मग एका सुगीत तो भरल्या गाडीवरून पडला. कमरेत काहीतरी कायमचं मोडलं. कुणी म्हणालं, चिमूटभर अफू घे, दुखणं विसरशील. तेव्हा अफूचं कुणाला काय वाटायचं? सरकारमान्य दुकानात उघड मिळायची. बायका तान्ह्या पोराला मोहरीएवढी चाटवून रानात जायच्या, पोर दिवसभर निजायचं. अण्णानंही घेतली. दुखणं विसरला. पुढे दवही विसरला, रानही विसरला, आणि गोळी तेवढी लक्षात राहिली.

आणि ती गोळी आणायचं कोण? मी. रोज निपाणीला जाणारा घरात मीच होतो. भावाची सेवा म्हणून आणत होतो, असं मी स्वतःला सांगायचो. खरं सांगू? गोळी खाल्लेला अण्णा मला बरा वाटायचा. तो कशात हात घालत नव्हता. घरचे व्यवहार माझ्याकडे आले होते, गावात लोक मला विचारायला लागले होते. हे मला त्या वेळी कळत नव्हतं म्हणावं, तर तेही खोटं. थोडं थोडं कळत होतं.

शेवटी एका हिवाळ्यात अवेळी पाऊस आला. कापलेली तंबाखू रानात पसरलेली. सगळं गाव घोंगड्या, पोती घेऊन धावलं, आणि अण्णा बांधावर मान छातीत घालून पेंगत बसला होता. वहिनी एकटी पानं कवटाळून उचलत होती. वर्षाचं पीक काळं पडलं. त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं आपल्या रामूला हाक मारली—एकुलता एक मुलगा—आणि ती दुसऱ्याच कुणाच्या नावानं.

पुढच्या भाऊबीजेला आक्का आली. आम्हा दोघांपेक्षा मोठी. खानापूरकडच्या एका खेड्यात दिलेली. बारीक चणीची, हळू बोलणारी, पण एकदा मनात घेतलं की हलायची नाही. तिच्या सासरी तिचा दीर असाच अफूत बुडालेला होता, आणि तो बरा झाला होता. कसा, ते ती आम्हाला सांगत होती—आईला, वहिनीला, मला. बेळगावात एक डॉक्टर आहेत, ते अफू हळूहळू उतरवून माणूस मोकळा करतात. पण माणूस आपल्या पायानं गेला पाहिजे. बांधून नेलेला ते घेत नाहीत. मग त्या लोकांनी काय केलं, तर सगळं घर त्याच्याभोवती बसलं.

“शिव्या द्यायच्या न्हाईत,” आक्का म्हणाली. “रडून घर डोक्यावर घ्यायचं न्हाय. ज्यानं त्यानं आपल्या मनातलं एकच सांगायचं, आणि गप बसायचं. आणि बापू, तू काय सांगायचं ठावं हाय न्हवं? गोळी मी आणत हुतो, आता आणणार न्हाय, असं त्याच्या तोंडावर सांगायचं.”

मी मान हलवली. ‘व्हय’ म्हणालो.

सकाळच्या उन्हात सोप्यात बसलो सगळे. अण्णा भिंतीला टेकून, खांद्यावरून घोंगडी घेऊन. सकाळची गोळी त्याला मिळाली नव्हती—आक्कानंच तसं ठरवलं होतं—म्हणून नाकातून पाणी येत होतं, सारख्या जांभया. आई म्हणाली, “माझ्या मौतीला खांदा द्याय तू शुद्धीवर असावंस, येवढंच मागती.” वहिनीनं आपले हात पुढे केले. तंबाखूच्या चिकानं काळे पडलेले, फाटलेले. आक्का म्हणाली, “मला भावाकडं यायचं असतंय. येतीया, आन् तू घरात नसतोस.” आणि रामू, सहा-सात वर्षांचा असेल, कुणी सांगितलं नसताना पुढे आला. “आप्पा, माझं नाव रामू हाय,” म्हणाला.

अण्णा रडला. आवाज न करता, घोंगडीचं टोक तोंडात घालून. पण ‘जातो’ म्हणेना. मान आडवी हलवत राहिला. त्याला भीती होती—त्या पहिल्या दिवसांची, अंग पिळवटतं त्याची. ती मला दिसत होती. सगळ्यांनाच दिसत होती.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी पाळी होती.

एकच वाक्य सांगायचं होतं हो. ‘अण्णा, मी आणणार नाही.’ तेवढं सांगून गप्प बसायचं. पण मी होतो दलाल. समोरचा नको म्हणतोय आणि दोन्ही बाजूंचे लोक ताटकळलेत, हे मला बघवत नाही. कशानं तरी सौदा पटवला पाहिजे, असं आत काहीतरी उसळतं. आणि... थांबा, हेही सांगायला पाहिजे... मला वाटलं, सगळे हरलेत, आता मी जिंकून दाखवतो.

आमच्या बाजारात हत्त्याची पद्धत होती. भाव तोंडानं बोलायचा नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. मूठ आवळली की सौदा झाला. आणि झालेला सौदा फिरवायचा नाही. फिरवला तो माणूस बाजारातून उठला. ही बोटं मला कुणी शिकवली? अण्णानंच. लहानपणी मला मांडीवर घेऊन, धोतराच्या सोग्याखाली.

मी त्याच्याजवळ सरकलो. घोंगडीत हात घातला आणि त्याचा हात धरला. आई पदरानं डोळे पुसायला लागली—धाकटा थोरल्याला धीर देतोय. आत मी त्याचं एक बोट दाबलं. मग परत एक. एक सकाळी, एक संध्याकाळी. तू नुसता चल. तिथे मी देत जाईन.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तो डोळा मी विसरलो नाही. त्यात आनंद नव्हता. माझ्याकडून त्याला दुसरंच काही हवं होतं आणि ते मी दिलं नाही, असा तो डोळा होता. पण त्यानं मूठ आवळली.

“जातो,” तो म्हणाला.

घरात काय झालं ते काय सांगू. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. वहिनी आत जाऊन रडली. आक्का माझ्याकडे बघून म्हणाली, “धाकट्याचंच ऐकलं बघ त्यानं. तुझ्यावर जीव हाय त्याचा.” मी तो मान घेतला. जेवढा दिला तेवढा घेतला. मग तिनं शपथेला घरच्या खंडोबापुढचा बेल-भंडारा आणला. अण्णानं उचलला—बेळगावला जातो, औषध घेतो. तिनं मलाही उचलायला लावला—मी त्याला अफू देणार नाही. मी उचलला.

सर्व्हिस मोटारीनं बेळगावला नेलं. आक्का बरोबर आली, दवाखान्यात सगळं लावून देऊन सासरी गेली. रोग्याजवळ घरच्या एका माणसानं राहायचं, तिथेच आवारात तीन दगडांवर रांधायचं, अशी तिथली रीत होती. मी राहिलो. डॉक्टर वयस्कर होते, घरी कानडी बोलणारे, आमच्याशी मोडकं मराठी. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “मी अफूचाच अर्क देणार, रोज थोडा थोडा कमी. तुमचं बोचकं मी तपासत नाही. चोरून द्यायचं असलं तर माणूस कुठेही लपवतो. माझा हिशेब तुमच्या तोंडावर आहे. तुम्ही मला खोटं सांगितलं तर माझं औषध त्याला मारेल. आयतु? कळलं ना?”

“आयतु,” मी म्हणालो.

गोळ्या चुन्याच्या डबीत होत्या. तंबाखूच्या माणसाची चंची कोण उघडून बघतो? सकाळ-संध्याकाळ मी घोंगडीत हात घालायचो. डॉक्टर यायचे, नाडी बघायचे, खूश व्हायचे. इतका कमी त्रास होणारा रोगी मी पाहिला नाही, म्हणायचे. दुसऱ्या खाटांवरच्या लोकांना अण्णाकडे बोट दाखवून सांगायचे, मन घट्ट केलं की असं होतं. अण्णा भिंतीकडे तोंड करायचा.

आणि मग एके सकाळी मी हात घातला, तर त्यानं माझी बोटं बाहेर ढकलली. लांबून कँपातल्या पलटणीचं बिगूल ऐकू येत होतं. तो उठून बसला आणि म्हणाला, “बापू, सौदा मोडला बघ. त्या लोकांच्या म्होरं तो म्हातारा माझं कौतुक करतोय, मला गिळंना. आता मी मागितली तरी देऊ नगंस. पाया पडलो तरी देऊ नगंस.”

ऐकलंत? त्यानं सांगितलं होतं. नीट, शुद्धीवर, माझ्या डोळ्यांत बघून. मी पुढे जे केलं ते न कळून केलं, असं म्हणायला त्यानं जागा ठेवली नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. जे आधी व्हायला हवं होतं ते सगळं आता आलं. अंगावर काटा, पोटात पिळा, हातापायांत गोळे. खाटेची कड चावायचा. डॉक्टर गोंधळले. इतक्या उशिरा कसं? मला विचारलं, तुम्ही काही देत नव्हता ना? मी म्हणालो, साहेब, बेल-भंडारा उचललाय आम्ही. त्यांनी पुढे विचारलं नाही. सभ्य माणूस.

पण अण्णा त्यातून निघाला. हे मला फार सावकाश सांगायचंय, कारण हे कुणालाच ठाऊक नाही. तो निघाला होता. भाकरी मागून खाल्ली. आंघोळ करून उन्हात बसला. मी मळून ठेवलेली तंबाखू हुंगून म्हणाला, “दवात उशीर केलाय कुणीतरी.” किती वर्षांनी त्याच्या तोंडून तसलं काही आलं! निपाणीच्या मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर निरोप धाडला, रामूला सांगा, आप्पा येतोय. डॉक्टरांचा अर्क आता थेंबांवर आला होता. मी तेव्हाच डबी गटारात ओतायला हवी होती. का नाही ओतली? माहीत नाही. दलाल माल टाकून देत नाही.

मग ती दुपार.

मला त्या जागेचा कंटाळा आला होता. हेच आहे खरं कारण. दुसरं काही मोठं कारण असतं तर मला बरं वाटलं असतं. फिनेलचा वास, तीन दगडांची चूल, लोकांचं कण्हणं. त्या दिवशी बेळगावात कुस्त्यांचं मोठं मैदान होतं. निपाणीहून आलेला एक ओळखीचा अडत्या मला न्यायला आला होता, फाटकाशी उभा होता. आणि नेमकी त्याच दुपारी अण्णाची कंबर उठली. जुनं दुखणं. तळमळत होता. मी निघतोय असं दिसल्यावर त्यानं घोंगडीतून हात काढला आणि माझी बोटं धरली. दाबली. एक. मग एक.

तोंडानं काही बोलला नाही. तोंडानं तो नकोच म्हणाला असता.

मी म्हणालो, “तूच नको म्हणालतास न्हवं?” त्यानं परत दाबली. मला तिथे बसून त्याचा हात धरायचा होता. एवढंच करायचं होतं. दुपार टळेपर्यंत. पण फाटकाशी माणूस उभा होता. मी डबी उघडली. मनाशी म्हणालो, दिलेला शब्द आहे, घोंगडीत ठरलेला सौदा, पाळला पाहिजे. स्वतःशीसुद्धा कसं गोड बोलता येतं बघा. पूर्वी सकाळी एक आणि संध्याकाळी एक द्यायचो, त्या दोन्ही मी त्याला एकदम दिल्या, म्हणजे मला लवकर परत यायला नको. आणि कुस्त्या बघायला गेलो.

कुस्त्या चांगल्या झाल्या. मी ओरडलो, फेटा उडवला.

दिवेलागणीला परत आलो, तर अण्णा घोरत होता. असलं घोरणं मी कधी ऐकलं नव्हतं—एक श्वास, मग मोठा खंड, मग एक. ओठ निळसर. कपाळ गार. मला कळलं. त्याच क्षणी कळलं, तुमच्यापासून काय लपवायचं? पण मी बसलो. हाक मारली तर डॉक्टर येणार, डॉक्टर आले तर विचारणार. मी खाटेशेजारी बसून त्याचा हात चोळत राहिलो. शेवटी शेजारच्या खाटेवरचा म्हाताराच ओरडला.

डॉक्टर धावत आले. पापणी उघडून दिवा धरला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मला विचारलं, “पोटात काही गेलंय का? आता सांगितलंत तर पोट धुतो. नसलं तर या अवस्थेत नळी घालणं बरं नाही.”

मी म्हणालो, “काही नाही.”

परत विचारलं. हात जोडून विचारलं त्या माणसानं. मी म्हणालो, “काही नाही, साहेब. तुमचंच औषध.”

त्यांनी नळी घातली नाही. त्याला उभं करून चालवायचा प्रयत्न केला, काळी कॉफी तोंडात ओतली, छाती चोळली. उजाडायच्या आत अण्णा गेला.

गोळ्या दिल्या तेव्हा मी त्याला मारला असं म्हणता येईल, आणि ती चूक होती असंही म्हणता येईल. पण ‘काही नाही’ म्हणालो तेव्हा तो जिवंत होता. श्वास चालू होता. तो माझ्या एका शब्दावर टांगलेला होता, आणि मी माझी इज्जत वाचवली.

मी समजत होतो डॉक्टर ओरडतील, चौकीवर जातील. ते व्हरांड्यात बाकावर बसले, आणि आमचे लोक आल्यावर त्यांनीच सांगितलं की, अशक्त शरीर होतं, माझ्या औषधाचं प्रमाण जास्त झालं असावं. तसंच लिहून दिलं त्यांनी. मी बाजूला उभा होतो. बोललो नाही.

गावी आणला त्याला. ओढ्याकाठी दहन झालं. आक्का खानापूरहून पोचली तेव्हा वहिनी तिच्या अंगावर धावून गेली. “तुमीच न्हेलासा! बसवून, गोड बोलून न्हेलासा माझ्या धन्याला!” आक्का उंबऱ्याबाहेर उभी राहिली. कुणी आत ये म्हणालं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी बोलेन म्हणून. निदान एवढं तरी, की आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. मी रामूला कडेवर घेतलं आणि परड्यात गेलो.

नागपंचमीला भावानं जाऊन बहिणीला माहेरी आणायचं. अण्णा गेल्यावर ते माझं काम होतं. पहिल्या वर्षी मी म्हणालो, वहिनीला नाही आवडायचं. दुसऱ्या वर्षी काही म्हणालोच नाही. आक्का मग कधीच आली नाही. तिच्या गावचे लोक भेटले की सांगायचे, सणाला ती वेशीपर्यंत जाऊन उभी राहते. खाई त्याला खवखवे म्हणतात. खवखवायचं, पण पाय उचलायचा नाही.

ती आजारी पडल्यावर एकदा गेलो. तोवर तिचे केस पांढरे झाले होते. मला बघून एवढा आनंद झाला तिला की मला तिथून उठून पळावंसं वाटलं. म्हणाली, “बापू, शेवटाला त्याला लई तरास झाला काय रं? तू जवळ हुतास.” मी म्हणालो, नाही, झोपेतच गेला. मग म्हणाली, “माझं चुकलं. मी गप बसाय पायजे हुतं. हाय तसा जगला असता.” ती उशाला टेकून, मी खाली बसलेलो. घरात दुसरं कुणी नव्हतं. दार ओढलेलं. याहून चांगली वेळ माणसाला मिळत नाही. तिचा दीर, तोच, अफू सोडलेला, अंगणात लाकडं फोडत होता. त्याच्या कुऱ्हाडीचा आवाज येत होता.

मी तिला म्हणालो, “जाऊ दे आक्का. तुझ्या मनात वाईट नव्हतं.”

मी तिला माफ केलं! समजतंय ना तुम्हाला? तिला तिचं न केलेलं पाप मी माफ केलं, आणि तिनं माझा हात कपाळाला लावला. त्याच महिन्यात ती गेली.

हे सगळं जुनं झालं. आता गोरे निघालेत म्हणतात, बाजारातला हत्ताही बंद करा अशी ओरड आहे, भाव उघड बोला म्हणतात. जुनं झालं म्हणून मी कदाचित बोललोही नसतो. पण एक गोष्ट परवाची आहे.

आमचा रामू पितो. अफू नाही, दारू. गेली काही वर्षं. चांगला उंचापुरा गडी, बापासारखाच हाताचा जाणकार होता. आता सकाळपासून हात थरथरतात. परवा आक्काचा म्हातारा दीर घाट उतरून, कुणी न बोलावता आमच्या घरी आला. म्हणाला, त्या डॉक्टरांचा मुलगा आता दवाखाना बघतो, दारूही सोडवतात. आक्कानं मला बसवलं तसं याला बसवूया. मी सोबत जातो.

सोप्यात बसलो होतो, त्याच भिंतीशी. वहिनीला त्या म्हाताऱ्याकडे बघवत नव्हतं, पण लेकासाठी तिचं मन हललं होतं. ते मला दिसलं. तेवढ्यात रामूनं मान वर केली. त्याला कुणी काही सांगायच्या आधीच म्हणाला, “काका, मी जातो. मला ऱ्हावंना झालंय असलं. कुणीतरी न्या मला.”

आपल्या पायानं जातो म्हणाला. ज्यासाठी आक्कानं सगळं घर गोळा केलं होतं, ते हा पोरगा आपण होऊन म्हणत होता.

वहिनी माझ्याकडे वळली. “भावजी, तुमी हुतासा तिथं. तुमीच सांगा. न्यावं काय?”

रामू तिथे गेला आणि बरा होऊन आला, तर? मग अण्णा का गेला, असं कुणीतरी विचारेलच. तो दवाखाना बरा, ते औषध बरं, तर मग जवळ कोण होतं?

“नको,” मी म्हणालो. “एक गेला तेवढा पुरे.”

म्हातारा उठून गेला. रामूनं मान खाली घातली, आणि थोड्या वेळानं तोही उठला. दारूच्या गुत्त्याकडे जाणारी वाट आमच्या दारावरूनच जाते. मी सोप्यात बसून त्याला जाताना पाहिलं, आणि हाक मारली नाही.